लिव्हरचा आजार आणि उपास: कोणाला झेपतो, कोणाला नाही

आषाढी आली की नागपुरात उपासांची रांग लागते. धापेवाड्याची यात्रा, मग श्रावणी सोमवार, हरतालिका, इतवारीतल्या जैन घरांमधलं पर्युषण, आणि नवरात्रात कोराडीच्या किंवा आग्याराम देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांचे नऊ दिवस. रमजानचे रोजे दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतात. ज्या घरात कोणाला लिव्हरचा आजार आहे, तिथे प्रत्येक वेळी तोच प्रश्न निघतो: यंदा उपास करायचा की नाही? उत्तरं दोन टोकांची मिळतात. कोणी म्हणतं, उपासानं लिव्हरला आराम मिळतो, सगळं साफ होतं. कोणी म्हणतं, लिव्हर बिघडलंय ना, मग उपासाचं नावच काढू नका.

पहिलं म्हणणं चूकच आहे. उपासाच्या दिवशी लिव्हरला सुटी नसते. पोटात काही जात नाही तेव्हा मेंदूला, रक्तातल्या लाल पेशींना साखर पुरवण्याची सगळी जबाबदारी त्याच्यावर येते. दुसरं म्हणणं काही रुग्णांसाठी अगदी बरोबर आहे आणि काहींसाठी अजिबात लागू नाही. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ लिहून आलेला तिशीतला माणूस आणि पोटात पाणी झालेल्या सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हरभर चट्टे पडलेल्या आजीबाई, दोघांनाही आपण ‘लिव्हरचा त्रास’ म्हणतो. पण एकाला थोडं कमी खाणं हेच औषध आहे, तर दुसऱ्याला एक जेवण चुकणंसुद्धा महागात पडू शकतं.

म्हणून आधी आत काय घडतं ते बघू.

जेवल्यावर रक्तात साखर येते. तिच्यातली काही लिव्हर ग्लायकोजनच्या रूपात साठवून ठेवतं. ही त्याची कणगी. निरोगी माणसाच्या कणगीत साधारण ८० ते १०० ग्रॅम ग्लायकोजन मावतं. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. म्हणजे ही शिलकी रात्रभर पुरते, ताणली तर जवळपास दिवसभर. ती संपत आली की लिव्हर नवी साखर बनवायला घेतं, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल बऱ्याच अंशी स्नायूंमधल्या प्रथिनांतून येतो. दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर शरीर मुख्यतः चरबीवर चालायला लागतं आणि त्यानंतर हळूहळू स्नायूंवरचा भार हलका होतो. निरोगी शरीराला हे सगळं जमतं, म्हणूनच एकादशीचा उपास बहुतेकांना बाधत नाही.

सिरोसिसमध्ये लिव्हरच्या चांगल्या पेशींच्या जागी चट्टे पडलेले असतात. कणगीच लहान झालेली असते. त्यामुळे सिरोसिसचा रुग्ण रात्री जेवून झोपला आणि १०-१२ तासांनी उठला, की त्याचं शरीर जिथे पोहोचलेलं असतं तिथे निरोगी माणूस दोन-तीन दिवसांच्या उपाशीपोटानंतर पोहोचतो. या आजाराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर मी ही ठेवायला सांगेन. या रुग्णाचा उपास एकादशीला सुरू होत नाही, तो रोज रात्री होतो. त्याची किंमत तो रोज सकाळी स्नायूंनी मोजतो.

स्नायू गेले तर बिघडतं काय? नुसता अशक्तपणा येऊन भागत नाही. आतड्यात तयार होणारा अमोनिया निकामी करणं हे लिव्हरचं काम. लिव्हर थकलं की त्या कामातला मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू झिजले की अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो आणि माणूस गोंधळायला लागतो, बरळायला लागतो, पुढे बेशुद्धही पडतो. स्नायू झिजलेल्या रुग्णाला संसर्ग लवकर होतो, आणि पुढे लिव्हर बदलायची वेळ आली तर ते ऑपरेशनही त्याला जड जातं. ही झीज वजनकाट्यावर दिसत नाही, कारण पोटातलं पाणी वजन वाढवत असतं. ती दिसते बांगड्यांत: मनगटावर घट्ट बसणाऱ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागतात, कानशिलं आत जातात, जमिनीवर बसलेल्या माणसाला उठताना हात टेकावा लागतो. पोट पुढे आणि दंड काटकुळे अशी अंगकाठी घरात कोणाची झाली असेल, तर त्या माणसाला एका दिवसाचाही कडक उपास नको.

आता नागपूरच्या एखाद्या साध्या घराची वेळ धरा. रात्री आठला जेवण. सकाळी सातला चहा. नऊ-साडेनऊला पोहे. चहातली दोन चमचे साखर हिशेबात धरायची नाही, म्हणजे झाले साडेतेरा तास. सिरोसिसच्या रुग्णासाठी जगभरचे तज्ज्ञ हल्ली सांगतात की दिवसा दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका, आणि झोपण्यापूर्वी पुन्हा थोडं खा. हे रात्रीचं खाणं म्हणजे निदान ५० ग्रॅम कर्बोदकं, सोबत थोडी प्रथिनं. दोन पोळ्या आणि पेलाभर दूध यांत साधारण तेवढं बसतं. फुटाणे-मुरमुरे आणि दूध चालतं, सातूचं पीठ दुधात कालवून चालतं. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सिरोसिसच्या रुग्णांना तोच पूरक आहार काहींना दिवसा आणि काहींना रात्री झोपण्यापूर्वी दिला. वर्षभरात रात्री घेणाऱ्यांच्या शरीरातली प्रथिनं वाढली, दिवसा घेणाऱ्यांची तशी वाढली नाहीत. खाणं तेच होतं, वेळ वेगळी होती. उपास करा अगर करू नका, हे रात्रीचं खाणं आजपासून सुरू करता येतं, आणि त्याला खर्चही फार नाही.

प्रथिनांबद्दल एक जुना समज अजून घराघरात आहे: लिव्हर बिघडलं की डाळ, पनीर, अंडी बंद. एकेकाळी डॉक्टरही तसं सांगत. आता सांगत नाहीत. सिरोसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. पोटात पाणी असेल तर ते वजा करून वजन धरायचं.

हा आकडा हातात घेऊन उपासाच्या ताटाकडे बघा. सकाळी साबुदाण्याची उसळ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नावापुरती. उसळीत मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फल्लीदाण्यांचं कूट असेल तर त्यातून सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळाली. दुपारी एक-दोन केळी, दोन ग्रॅम. संध्याकाळी पेलाभर दूध, सहा-सात ग्रॅम. रात्री उकडलेलं रताळं नाहीतर आलूची भाजी, तीन-चार ग्रॅम. दिवसाची बेरीज वीसच्या आसपास. पोट भरलं, पण गरजेच्या पाव भागावरच दिवस निघाला. एक दिवस असा गेला तर निरोगी माणसाला काही होत नाही. सिरोसिसच्या रुग्णानं नवरात्राचे नऊ दिवस असे काढले तर दसऱ्याला त्याच्या दंडांत फरक पडलेला असेल.

याच ताटातले पदार्थ बदलता येतात. राजगिऱ्यात १०० ग्रॅममागे सुमारे १४ ग्रॅम प्रथिनं असतात, फल्लीदाण्यांत २५, पनीरमध्ये साधारण १८. राजगिऱ्याची भाकर आणि दही, शिंगाड्याच्या पिठाचं धिरडं आणि पनीर, भगर आणि दाण्याची आमटी, रात्री झोपताना राजगिऱ्याचा लाडू आणि दूध: हे सगळं उपासाला चालतं. दर तीन तासांनी असं काही खाल्लं तर व्रतही राहतं आणि कणगीही रिकामी होत नाही. धान्यफराळाची पद्धत ज्या घरांत आहे त्यांना तर आणखी सोपं, कारण भाजलेल्या मुगाच्या डाळीचं पीठ त्यात बसतं.

मिठाचं मात्र जपा. सैंधव मीठ उपासाला चालतं म्हणून ते लिव्हरलाही चालतं असं अनेक जण धरून चालतात. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पोटात पाणी असलेल्याला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आसपासच मीठ सांगितलेलं असतं, म्हणजे सगळ्या पदार्थांत मिळून एक सपाट चमचा. आलूचे चिप्स, फराळी चिवडा, लिंबाचं लोणचं यांत ते केव्हाच संपतं. आणि ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ आणखी घातक ठरू शकतं. त्यात पोटॅशियम असतं. पाणी उतरवण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढण्याकडे कल असतो. केळी, रताळं, आलू, नारळपाणी हे उपासाचे नेहमीचे सोबतीही पोटॅशियमचेच. किडनीचे आकडे थोडेही वर असतील तर हे सगळं एकाच दिवशी नको.

आता निर्जळी उपासाकडे येऊ. वटसावित्री आणि निर्जला एकादशी ज्येष्ठात येतात, आणि तेव्हा नागपूरचा पारा अनेकदा ४२-४४ वर असतो. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या, पोटात पाणी असलेल्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांत खेळतं पाणी मुळातच कमी असतं, पोट कितीही फुगलेलं दिसलं तरी. त्यानं त्या उन्हात दिवसभर पाणी टाळलं तर किडनी बंद पडू शकते. सिरोसिसमध्ये किडनी गेली की रुग्णाला परत आणणं फार कठीण होतं. म्हणून सिरोसिस कोणत्याही टप्प्याचा असो, निर्जळी उपास करू नये. इथे मी ‘शक्यतो’ म्हणणार नाही.

आपल्या विदर्भात आणखी एका गटाला हे सांगायलाच हवं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांचे डोळे पिवळे दिसतात, त्यांना पित्ताशयात खडे होतात, लिव्हरलाही इजा होऊ शकते. शरीरातलं पाणी कमी झालं की त्यांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवतात आणि असह्य दुखणं सुरू होतं. निर्जळी उपास त्यांनाही वर्ज्य.

मग सिरोसिस असला तर उपास पूर्ण बंदच का? ते टप्प्यावर ठरतं. डॉक्टर बिलिरुबिन (काविळीचा आकडा), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा), पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टींना गुण देऊन चाइल्ड-प्यू नावाची श्रेणी काढतात. पाच-सहा गुण म्हणजे ए, सात ते नऊ बी, दहा आणि वर सी. बी आणि सी श्रेणीत, किंवा कधीही पोटात पाणी झालं असेल, रक्ताची उलटी झाली असेल, भ्रम झाला असेल, तर उपास नको, रोजाही नको. ए श्रेणीत, तब्येत स्थिर असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तर वर सांगितला तसा दर तीन तासांनी खाऊन केलेला फराळाचा उपास बहुधा निभतो. संध्याकाळी उपास सोडताना मात्र एकदम पोटभर जेवू नका. भरपेट जेवणानंतर आतड्यांकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि सिरोसिसमध्ये आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला आधीच चढलेला दाब आणखी चढतो. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असणाऱ्यांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

चौविहार पाळणाऱ्या जैन कुटुंबांत हिवाळ्यात साडेपाचच्या सूर्यास्तापासून सकाळच्या नवकारशीपर्यंत, म्हणजे पहिल्या खाण्यापिण्यापर्यंत, जवळजवळ १४ तास जातात, आणि तेही पाण्याशिवाय. वर्षावासात उपोसथाला (व्रताच्या दिवशी) दुपारनंतर न जेवणाऱ्या बौद्ध उपासकांचं अंतर तर त्याहून मोठं. हे नियम वर्षानुवर्षं पाळलेल्या माणसाला ‘रात्री दूध घ्या’ असं सहज सांगून चालत नाही, त्याला ते लागतं. पण कोणत्याही परंपरेनं आजारी माणसाला कोंडीत पकडलेलं नाही. पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही असं आपल्या धर्मशास्त्रात फार जुनं वचन आहे. आजारी माणसाला रोजातून सूट कुरआनातच दिलेली आहे. महाराजसाहेबांना, भन्तेजींना, मौलवीसाहेबांना आजार नीट सांगून विचारा. डॉक्टरांच्या शब्दानं न ऐकणारे वडील त्यांच्या शब्दानं ऐकतात.

औषधांचं वेगळं सांगायला हवं, कारण उपासाच्या दिवशी गोळ्याही टाळल्या जातात. अमोनिया उतरवणारं लॅक्टुलोजचं सिरप चुकवू नका. ते घेणाऱ्याला दिवसातून दोन-तीन वेळा शौचाला झालीच पाहिजे. उपासानं पोट साफ झालं नाही की अमोनिया चढतो. लिव्हर बदललेल्यांची टॅक्रोलिमसची (शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळीची) वेळ १२-१२ तासांची, ती सरकवायची नाही. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर धाडकन उतरते, आणि साठा कमी असल्यानं लिव्हरला ती सावरता येत नाही. म्हणून उपासाच्या आदल्या आठवड्यात डोस विचारून घ्या. शिरांतला दाब उतरवणारी प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल चालू असेल तर साखर उतरताना हात थरथरणं, छाती धडधडणं ही सूचना नीट मिळतच नाही, फक्त घाम येतो. उपासानं डोकं दुखलं तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या सिरोसिसमध्ये नकोत. पॅरासिटामॉल चालतं, पण दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, आणि तेही काहीतरी खाऊन. पोटाला नीट मिळत नसलेल्या शरीरात या औषधाचं विष उतरवणारा ग्लुटाथायोनचा साठा कमी झालेला असतो.

फॅटी लिव्हरवाल्यांची गोष्ट याच्या उलट आहे. वजन ५ टक्के कमी झालं की लिव्हरमधली चरबी उतरायला लागते, ७ ते १० टक्क्यांनी सूजही कमी होते. १६ तास उपाशी राहून आठ तासांत खाण्याची पद्धत आजकाल बरीच चालते. तिचा फायदा होतो, पण तेवढ्याच उष्मांकांचं साधं मोजकं खाल्लं तरी साधारण तेवढाच होतो. तुम्हाला जे झेपेल ते करा. त्यांना धोका उपाशी राहण्यात नाही, फराळात आहे. साबुदाणा वडे, तुपातली उसळ, आलूची तळलेली भाजी, वर साबुदाण्याची खीर: ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे इथे शब्दशः खरं होतं. वजन आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगानं उतरवलं तर पित्ताचे खडे होण्याची शक्यता वाढते, तेव्हा घाईही नको. मात्र आपलं फॅटी लिव्हर साधंच आहे ना, याची खात्री सोनोग्राफीच्या ग्रेडवरून होत नाही. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतले आकडे) आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून डॉक्टर फिब-४ नावाचा आकडा काढतात. ६५ वर्षांच्या आतल्या माणसात तो १.३ पेक्षा कमी असेल तर चट्टे पडले असण्याची शक्यता कमी. जास्त असेल तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्या आणि मगच मोठे उपास धरा.

कावीळ झालेल्या मुलाला नुसत्या उसाच्या रसावर ठेवू नका. हिपॅटायटिस ए किंवा ई च्या काविळीत उपासाचा काही उपयोग नाही. मळमळ नसेल तर घरचं साधं जेवण द्या, थोडं थोडं, सकाळी जास्त, कारण तेव्हा भूक बरी लागते. रस्त्यावरच्या रसातला बर्फ हे त्याच काविळीचं मूळ असू शकतं.

आणि काही लोकांचे डोळे दर उपासाला किंचित पिवळे होतात, बाकी सगळे रिपोर्ट नीट असतात. याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. उपासानं बिलिरुबिन वाढणं हा त्याचा स्वभावच आहे आणि त्यानं इजा होत नाही. पण ते तपासून पक्कं झालेलं असावं, आपलं आपण ठरवलेलं नसावं.

एक उपास असाही आहे ज्याला कोणी उपास म्हणत नाही. गडचिरोली, भंडारा, बालाघाटकडून पहाटेच्या गाडीनं नागपूरला दाखवायला येणारे रुग्ण रक्त द्यायचं म्हणून रात्रीपासून काही खात नाहीत आणि दुपारी दोनपर्यंत रांगेत उभे असतात. लिव्हर फंक्शन टेस्टसाठी उपाशी राहावं लागत नाही. सोनोग्राफी आणि एंडोस्कोपीला लागतं, पण मग सकाळचा पहिला नंबर मागा, आदल्या रात्री झोपताना नीट खा, आणि तपासणी झाल्या झाल्या खाण्यासाठी डबा सोबत ठेवा. तपासणी पुढे ढकलली तर ‘हे सिरोसिसचे पेशंट आहेत, खायला देऊ का?’ असं स्पष्ट विचारा.

उपासात काय दिसलं की थांबायचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. दिवसा झोप आणि रात्री जाग, साध्या प्रश्नाला भलतं उत्तर, सही वेडीवाकडी येणं, हात पुढे धरले तर पंजे फडफडणं, ही अमोनियाची खूण. दरदरून घाम, थरथर, एकाएकी चिडचिड किंवा गोंधळ ही साखर उतरल्याची. दोन्हींत फरक करत बसू नका. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या, मग थोडं खाणं, मग दवाखाना. लघवी सहा-आठ तास झाली नसेल, काळी चिकट शौच किंवा रक्ताची उलटी झाली असेल तर थेट दवाखाना. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा, आणि येणाऱ्या डॉक्टरांना सगळ्यात आधी दोन गोष्टी सांगा: लिव्हरचा आजार आहे, आणि शेवटचं खाणं किती वाजता झालं.